फोनने काढून टाकलेले थांबे

पुण्यातल्या बहुतेक घरांत आता माणसागणिक एक फोन असतो आणि घरातली निम्मी कामं त्याच्यावाचून अडतात. महावितरणचं बिल, गॅसचा नंबर, शाळेची सूचना, मेट्रोचं तिकीट, पीएमपी बसचा पास, सोसायटीच्या गेटवर आलेल्या कुरिअरवाल्याला आत सोडणं, सगळं त्याच्यावर. त्याच घरात संध्याकाळी चार माणसं चार फोनांत असतात, पोर व्हिडिओ लावल्याशिवाय घास गिळत नाही आणि आजोबांच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढून नेलेले असतात. मग फोन चांगला की वाईट असा वाद सुरू होतो. त्या वादातून हाती काही लागत नाही, कारण सोय आणि त्रास एकाच ठिकाणाहून येतात.

ते ठिकाण म्हणजे थांबा. कुठलंही काम सोपं करताना फोन मधला एखादा थांबा काढून टाकतो. पूर्वी बिल भरायला रांगेत उभं राहावं लागे, नोटा मोजून द्याव्या लागत, त्यामुळे पैसे जाताना डोळ्यांना दिसत. टीव्हीवरचं कार्टून संपे आणि मूल उठून खेळायला जाई. अनोळखी माणसाला घरात शिरायचं तर दार वाजवावं लागे. हे थांबे कंटाळवाणे होते, पण त्या वेळात माणूस विचार करी, कुणाला तरी विचारी, नाहीतर कंटाळून उठून जाई. घरात फोन नीट नांदवायचा तर कुठला थांबा गेला ते बरं झालं आणि कुठला परत आणायला हवा, हे ओळखावं लागतं. बहुतेक थांबे फोनच्या सेटिंगमधूनच परत आणता येतात.

पैसे

इथे नुकसान मिनिटांत होतं, म्हणून आधी हे.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्याला दोन कुलपं आहेत. पहिलं कुलूप म्हणजे सिम. ॲप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस आपोआप जातो, त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे अशी खात्री होते. दुसरं कुलूप म्हणजे चार किंवा सहा अंकी यूपीआय पिन. हा पिन लागतो तो पैसे देताना आणि शिल्लक पाहताना. पैसे घेताना तो कधीच लागत नाही, आणि क्यूआरही स्कॅन करावा लागत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असेल तर फसवणुकीचा एक मोठा प्रकार तिथेच संपतो. जुना सोफा विकायची जाहिरात टाकली की फोन येतो, ‘पसंत आहे, लगेच पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ तो पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात.

आता या कुलपांचा कच्चा दुवा. यूपीआय पिन विसरला तर नवा करता येतो, आणि त्यासाठी लागतात डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी. काही बँका एटीएमचा पिनही मागतात, पण सगळीकडे त्यावर विसंबू नका. फोनच्या पाकिटासारख्या कव्हरमध्ये डेबिट कार्ड ठेवायची सवय असेल तर ती आजच मोडा. असा फोन चोरीला गेला की कुलूप आणि किल्ली एकाच हातात पडतात.

यावर सगळ्यात उपयोगी उपाय म्हणजे घरखर्चाचं खातं वेगळं काढणं. यूपीआयला फक्त हेच खातं जोडायचं आणि त्यात महिन्याच्या किराण्या-भाजीपुरतेच पैसे ठेवायचे. पगाराचं, पेन्शनचं, ठेवींचं खातं फोनमधल्या यूपीआयला जोडायचंच नाही. दर पंधरा दिवसांनी मोठ्या खात्यातून छोट्या खात्यात पैसे टाकायला दोन मिनिटं लागतात. हाच आपण परत आणलेला थांबा. कितीही हुशार चोर आला तरी छोट्या खात्यात आहे तेवढंच त्याला मिळेल. एक काळजी मात्र घ्या. मोठं खातं असलेल्या बँकेचं ॲप त्याच फोनमध्ये असेल तर त्याचा पिन वेगळा ठेवा आणि बँकेत सांगून रोजच्या व्यवहाराची मर्यादा खाली आणा.

मंडईतल्या दहा-वीस रुपयांच्या व्यवहारांसाठी यूपीआय लाइट चांगलं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात आणि एका वेळी १,००० पर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. बँकेचा सर्व्हर सुस्तावला असतानाही बहुतेक वेळा काम होतं आणि पासबुकात कोथिंबिरीच्या नोंदींची माळ लागत नाही. पिन लागत नसल्याने उघडा फोन कुणाच्या हाती पडला तर हे पैसे जाऊ शकतात, म्हणून त्यात हजार-दीड हजारच ठेवा.

आजीला स्वतःच्या हाताने भाजी घ्यायची असते, पण तिचं खातं फोनला जोडायची भीती वाटते. अशा घरांसाठी २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आलं. त्यात मुलगा किंवा सून आपल्या खात्यातून आजीला खर्च करायची परवानगी देते. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत आजी स्वतः देऊ शकते. अर्धी परवानगी दिली तर आजीने स्कॅन केल्यावर मुलाच्या फोनवर विचारणा येते आणि त्याने पिन टाकल्यावरच पैसे जातात. वसतिगृहात राहणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठीही पहिला प्रकार बरा, पालकांना खर्च दिसतो आणि रोज पैसे मागायला फोन करावा लागत नाही.

लग्नपत्रिकेच्या वेशातली फाइल

ओटीपी कुणाला सांगू नये हे आता बहुतेकांना कळलं आहे. म्हणून चोर ओटीपी विचारतच नाहीत, ते तो फोनमधून परस्पर वाचतात. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, आरटीओचं चलान येतं, नाहीतर ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा निरोप येतो आणि खाली एक फाइल असते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके (apk) अशी तीन अक्षरं असतील तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. पाठवणारा ओळखीचा आहे म्हणून विश्वास ठेवू नका. त्याचा फोन आधी बाधित झालेला असतो आणि त्याच्या नकळत निरोप सगळ्यांना जात असतात.

फाइल उघडली की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. घाईत ‘अलाऊ’ दाबलं जातं. त्यानंतर बँकेचा प्रत्येक ओटीपी तिसऱ्याच माणसाकडे पोचतो, तुम्हाला तो कधी दिसतो, कधी दिसतही नाही. वीज तोडण्याच्या धमकीचं म्हणाल, तर थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असं २००३ च्या वीज कायद्यातच आहे. ‘आज रात्री साडेनऊला’ असं कुणी तोडत नाही.

परत आणायचा थांबा असा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ असं लिहा. एक यादी येईल. त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स यांच्यासमोर परवानगी दिसली तर ती बंद करा. मग अशी फाइल चुकून उघडली तरी फोन मध्येच अडवतो. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे काम आज संध्याकाळीच करण्यासारखं आहे.

ॲप आधीच शिरलं असेल तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते पाहा, म्हणजे बाहेर जाणारी माहिती थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं गोठवा. त्यानंतर ते ॲप काढा. काढायचं बटण दबत नसेल तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’ची परवानगी घेतलेली असते, ती आधी काढावी लागते. तेवढ्यावर समाधान मानू नका. फोटो आणि नंबर वाचवून फोन फॅक्टरी रिसेट करा आणि बँक, ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. ‘लगेच’ला इथे कारण आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात असे पळत असतात. तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना सूचना जाते आणि वाटेत असलेले पैसे रोखता येतात. एटीएममधून रोख निघाली की काही उरत नाही. फोन करताना खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. तो यूपीआय ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. बँकेतही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर नुकसानीचा बोजा येत नाही. पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतींत लाज वाटून गप्प बसण्यात तोटाच आहे.

‘डिजिटल अटक’ हा प्रकारही थांबा काढण्यावरच चालतो. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस दिसतो, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतो, कॉल तोडू नका आणि घरात कुणाला सांगू नका म्हणतो. त्याचा सगळा डाव त्या शेवटच्या अटीवर उभा असतो. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक अशी गोष्टच नाही. घरातल्या ज्येष्ठांना एवढंच सांगून ठेवा, ‘आई, ज्या फोनवर कुणाला सांगू नका म्हणतील, तो फोन ठेवायचा आणि आधी मला सांगायचं. मी मीटिंगमध्ये असलो तरी फोन करायचा.’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मुलं रागावतील या भीतीने किती तरी आईबाप गप्प राहतात.

मुलं आणि न संपणारा व्हिडिओ

लहान मुलाच्या बाबतीत हरवलेला थांबा म्हणजे शेवट. टीव्हीवरच्या कार्यक्रमाला शेवट असतो. फोनवरच्या छोट्या व्हिडिओंना नसतो, एक संपायच्या आत दुसरा तयार असतो. कुठल्या व्हिडिओवर तुम्ही किती सेकंद रेंगाळलात यावरून ॲप पुढचा निवडतं. पुढचा आवडेल की नाही हे आधी कळत नाही आणि ती अनिश्चितताच बोट वर सरकवायला लावते. लॉटरीच्या तिकिटातही तीच ओढ असते. मोठ्यांचाही तिथे निभाव लागत नाही, तर चार वर्षांच्या पोराकडून ‘आता बस’ची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते पाच या वयात मोठ्यांच्या सोबतीने दिवसाला जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठीही नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलची सूट आहे. साताऱ्याची आजी बाळाला हाक मारते, बाळ हसतं, आजी त्या हसण्यावर बोलते. या देवाणघेवाणीतूनच भाषा शिकली जाते. गाण्याचा व्हिडिओ बाळाच्या हसण्याकडे बघत नाही.

‘पाच मिनिटांनी बंद कर’ हे लहान मुलाला कळत नाही, कारण पाच मिनिटं त्याला दिसत नाहीत. दोन गाणी मात्र मोजता येतात. त्यामुळे घड्याळापेक्षा नग ठरवा. दोन गाणी आधी डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मग हातात द्या. ती संपली की पुढे काही येत नाही. शेवट फोननेच केला म्हटल्यावर आईशी भांडण उरत नाही. मध्ये जाहिरात येत नाही आणि ऑफिसचा फोनही उचलला जात नाही. मूल त्या ॲपमधून बाहेर पडू नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ‘ॲप पिनिंग’ आहे. सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ते सुरू करून ठेवायचं, मग अलीकडे उघडलेल्या ॲपांच्या पडद्यावर त्या ॲपच्या चिन्हाला स्पर्श करून ‘पिन’ निवडायचं. आयफोनमध्ये हेच काम ‘गाइडेड ॲक्सेस’ करतं, बाजूचं बटण तीनदा दाबून.

जेवताना फोन हा सगळ्यात चिवट प्रकार. व्हिडिओत गुंतलेलं मूल तोंड उघडतं, पण पोट भरल्याची खूण त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि चावण्याऐवजी ते घास तोंडात धरून बसतं. सोडवायचं तर तिन्ही वेळचं एकदम बंद करू नका. एकच जेवण निवडा, ज्या वेळी घरात घाई नसते ते. त्या वेळी ताटावर कुणाचाच फोन नको, बाबांचाही नाही. पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल आणि रडेल. याच टप्प्यावर घरात कुणीतरी हळहळून बिस्किटं किंवा दूध देतं. मग पुढच्या जेवणाला भूकच उरत नाही आणि सगळं मुसळ केरात. आजी-आजोबांशी हे आधी बोलून घ्या. मूल अंगाने उतरतंय असं वाटलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. वडिलांचा जुना फोन मुलाला दिला जातो, पण त्यातलं खातं वडिलांचंच राहतं. ॲपला माणूस कळत नाही, खातं कळतं. चाळीस वर्षांच्या माणसाला दाखवायच्या जाहिराती आणि व्हिडिओ मग आठ वर्षांच्या पोरासमोर येतात. त्या खात्याला कार्ड जोडलेलं असेल तर खेळातली हत्यारं आणि नाणी विकतही घेतली जातात. मुलासाठी वेगळं खातं काढा आणि ते गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ला जोडा, म्हणजे दिवसाची मर्यादा, झोपेची वेळ आणि कुठलं ॲप घालायचं याचा होकार पालकांकडे राहतो. आपल्या फोनवरही प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याचं सेटिंग सुरू ठेवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे. आता तसं आमिष दाखवणारं ॲप दिसलं तर ते कायद्याबाहेरचं समजा.

डोळ्यांबद्दल दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. डोळे कोरडे पडणं, चुरचुरणं हे पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात म्हणून होतं. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर, म्हणजे खिडकीबाहेरच्या झाडाकडे वीस सेकंद पाहिलं की आराम पडतो. चष्म्याचा नंबर वाढणं ही वेगळी गोष्ट. त्यात वाढत्या वयातलं बुबुळामागचं डोळ्याचं गोलक लांबट होत जातं. सतत जवळचं पाहणं हे एक कारण, आणि उन्हाच्या उजेडाचा अभाव हे दुसरं. घरात दिवा लावूनही उजेड काही शे लक्स (उजेडाचं माप) असतो, बाहेर सावलीतसुद्धा तो कित्येक पट जास्त. भरपूर उजेडात डोळ्याच्या आतल्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि गोलकाची लांबण रोखायला त्याची मदत होते, असं समजलं जातं. म्हणून फोन काढून घेऊन मुलाला त्याच खोलीत दुसरं काही करायला बसवण्यात डोळ्यांचा अर्धाच फायदा आहे. रोज दोन तास बाहेर, तुकड्या-तुकड्यांत का होईना. शाळेतून पायी येणं, सोसायटीच्या आवारातलं खेळणं, रविवारी तळजाई नाहीतर हनुमान टेकडी, सगळं त्यात मोजा. आणि काही बघायचंच असेल तर फोनपेक्षा टीव्ही बरा. फोन वीतभर अंतरावर असतो, टीव्ही आठ-दहा फुटांवर.

रात्रीचं थोडक्यात. निळा उजेड कमी करणारं सेटिंग लावलं की झोपेचा प्रश्न मिटला असं समजू नका. उजेडापेक्षा पडद्यावर जे चाललं आहे ते मनाला जागं ठेवतं. चार्जर बाहेरच्या खोलीत ठेवा आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ.

एकट्याने फोन खाली ठेवणं अवघड का जातं, हे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने ओळखलं. २०२२ मध्ये त्या गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत सगळ्या घरांतले फोन आणि टीव्ही बंद राहतील. यात महत्त्वाचं आहे ‘सगळ्या घरांतले’. मित्र ऑनलाइनच नाहीत म्हटल्यावर आपलं काही चुकतंय असं पोराला वाटत नाही. पुण्यातल्या सोसायटीत भोंगा वाजवणं कठीण, पण एका मजल्यावरच्या किंवा एका वर्गातल्या चार-पाच पालकांनी दिवेलागणीची एकच वेळ ठरवली तरी तो परिणाम साधतो. एकाच घराने कडक नियम केला की त्या घरचं पोर शेजारच्या घरी जाऊन बसतं.

सूचनांची टिंगटिंग

शाळेचा गट, सोसायटीचा गट, दोन्हीकडच्या नातेवाइकांचे गट, ऑफिस. शाळेचा एक निरोप खरंच हवा असतो आणि त्याच्यासोबत पन्नास ‘धन्यवाद मॅडम’ येतात. गट सोडायची गरज नाही, आवाज वेगळे करा. सगळे गट कायमचे म्यूट, घरच्या चार माणसांना वेगळी रिंगटोन. मग खिशात फोन वाजला की तो घरचा आहे की नाही हे न बघताच कळतं, आणि शाळेचा गट संध्याकाळी एकदा उघडून वाचायचा.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावायला लोक घाबरतात, रात्री कुणाला काही झालं तर कळणार कसं म्हणून. त्यात सूट देता येते. निवडक नंबर नेहमी वाजतील असं ठरवा आणि ‘रिपीट कॉलर्स’ सुरू ठेवा. एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर अँड्रॉइड तो वाजवतो. आयफोनवर हीच मुदत तीन मिनिटांची आहे. हे घरच्यांना सांगून ठेवलं की तातडीच्या वेळी ते लगोलग दुसऱ्यांदा लावतात.

आजोबांचा फोन

ज्येष्ठांच्या बाबतीत फोनची सोय तरुणांपेक्षा कितीतरी खरी आहे, आणि घरच्यांनी नेमका तिथेच कमी वेळ दिलेला असतो. अक्षरं मोठी करणं एवढ्यावर काम संपत नाही. कीबोर्डवरच्या माइकला मराठी भाषा जोडून दिली की बोललेलं टाइप होतं, आणि जे आजोबा टाइप करायला लागतं म्हणून उत्तर देत नव्हते ते लांबलचक निरोप पाठवू लागतात. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला कॅमेऱ्यातून मोठं करून दाखवणारं ‘मॅग्निफायर’ बहुतेक फोनांत मिळतं. डिजिलॉकरमध्ये आधार आणि वाहन परवाना घालून दिला की कागदांची पिशवी घेऊन फिरावं लागत नाही, त्यातली कागदपत्रं मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहेत.

कुलूप लावलेल्या पडद्यावर ‘इमर्जन्सी’ म्हणून जे लिहिलेलं असतं त्यात रक्तगट, चालू औषधं आणि दोन नंबर भरून ठेवा. रस्त्यात चक्कर आली तर अनोळखी माणसाला फोन न उघडताही ते दिसतं. पॉवरचं बटण लागोपाठ दाबून मदतीचा कॉल लावायची सोयही असते. किती वेळा दाबायचं आणि कॉल कुणाला जाणार हे त्या फोनच्या सेटिंगमध्ये बघून आजोबांच्या हातूनच एकदा करवून घ्या, कॉल खरा लागायच्या आत तो रद्द कसा करायचा तेही दाखवा. मुलगी रात्री उशिरा हिंजवडीहून निघत असेल तर व्हॉट्सॲपवरचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असं मुदतीपुरतं देता येतं. तिच्या फोनमध्ये न सांगता माग काढणारं ॲप घालण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण ते ती स्वतः सुरू करते आणि मुदत संपली की ते आपोआप बंद होतं.

फोन भरला म्हणून

‘जागा नाही’ असं येऊ लागलं की घाईघाईने फोटो उडवले जातात आणि इथे एक मोठी गफलत होते. गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनमधून जातो आणि ढगातूनही, म्हणजे गूगलकडच्या साठ्यातूनही जातो, दोन्ही एकच आहेत. फोनमधली जागा मोकळी करायची पण फोटो ठेवायचा, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं, आणि तेही बॅकअप पूर्ण झाला आहे हे बघून. चुकून उडवला असेल तर बॅकअप घेतलेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तोवर परत मिळतो.

गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत फोटो, जीमेल, ड्राइव्ह आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप असे सगळे भागीदार आहेत. ती भरली की जीमेलवर नवीन पत्रं येणं थांबतं. म्हणजे सकाळच्या गुलाबांच्या चित्रांमुळे बँकेचं पत्र अडू शकतं. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा आणि महिन्यातून एकदा ‘मॅनेज स्टोरेज’मध्ये जाऊन ५ एमबीपेक्षा मोठे व्हिडिओ साफ करा. पंधरा मिनिटांचं काम आहे.

चार्जरचं एवढंच. तपकीर गल्लीत स्वस्त चार्जर आणि पॉवर बँक भरपूर मिळतात. घेताना त्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा, बीआयएस केअर ॲपमध्ये तो तपासता येतो. उशीखाली फोन ठेवून चार्ज करू नका. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंग थांबवून दुकानात न्या.

फोन हरवला तर

तयारी आधी लागते. डायल पॅडवर *#०६# दाबलं की आयएमईआय हा फोनच्या ओळखीचा १५ आकडी क्रमांक दिसतो. घरातल्या प्रत्येक फोनचा तो क्रमांक, खरेदीची पावती, बँकेचा तक्रार क्रमांक हे सगळं कपाटातल्या वहीत लिहा. दुसरी तयारी म्हणजे सिमला पिन. फोनला कितीही मोठा पासवर्ड असला तरी चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याला मिळू लागतात. सिमला पिन असेल तर ते तिथे उघडत नाही. हा पिन सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ नावाने असतो. कंपनीने दिलेला मूळ पिन आधी विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला तर पीयूके हा सिम परत उघडायचा वेगळा कोड मागितला जातो आणि तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचं बाद होतं.

हरवल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्याच्या फोनवरून गूगलच्या ‘फाइंड हब’मध्ये जाऊन फोनला कुलूप घाला. सिम बंद केल्यावर फोनचं इंटरनेट जातं आणि मग हे जमत नाही, म्हणून हे आधी. पण यात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. मग सिम बंद करा, मग बँकेला सांगून यूपीआय थांबवा. त्यानंतर पोलिसांत तक्रार द्या, पुणे पोलिसांची हरवलेल्या वस्तूंची नोंद ऑनलाइनही होते. त्याच नंबरचं नवीन सिम घ्या. तक्रारीची प्रत, आयएमईआय आणि ओळखपत्र घेऊन दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर फोन ब्लॉक करा, मग तो देशातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालत नाही. सापडला तर तिथेच परत सुरू करता येतो.

या शेवटच्या पायरीला ओटीपी लागतो आणि लोक तिथे अडकतात. नवीन सिम सुरू होतं, फोन लागतो, पण ओटीपी येत नाही. सिम बिघडलेलं नसतं. दुसऱ्या कुणी तुमच्या नावाने सिम काढून लगेच खातं रिकामं करू नये, म्हणून नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवलेले असतात. तेवढा एक दिवस यूपीआय चालणार नाही असं धरून घरात थोडी रोख ठेवा आणि ब्लॉक करायचं काम दुसऱ्या दिवशी करा.